ओवीचा अपुरा चरण

सीमाभागात मराठीचा विषय निघाला की चर्चा नकाशे, जनगणनेचे आकडे आणि न्यायालयीन दावे यांकडे वळते. ते स्वाभाविकच आहे, आणि आमच्या वकिली पेशाला ते सोयीचेही आहे. परंतु राजाश्रय नसताना, शाळा नसताना, कित्येकदा लिपीदेखील परकी असताना ही भाषा माणसांच्या तोंडी कशाच्या बळावर टिकली, याचा विचार आपण क्वचितच करतो. त्या बळांपैकी एक म्हणजे ओवी. तिच्या घडणीत असे काय आहे की आठ-नऊशे वर्षे ती ऐकणाऱ्याच्या मनात घर करून राहिली, हे या लेखात पाहण्याचा आमचा प्रयत्न आहे.

प्रथम साक्ष तपासू. ओवीविषयीचा अत्यंत जुना उल्लेख 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथात सापडतो. हा ग्रंथ चालुक्य नृपती तिसरा सोमेश्वर याच्या नावावर असून त्याचा काळ इ. स. ११२९च्या सुमाराचा. महाराष्ट्रातील स्त्रिया कांडण करताना ओवी गातात, अशी नोंद त्यात आहे. या राजाची राजधानी कल्याणी, म्हणजे आजच्या कर्नाटकातील बिदर जिल्ह्यातले बसवकल्याण. न्यायालयात हितसंबंधी साक्षीदारापेक्षा तटस्थ साक्षीदाराचे वजन अधिक असते. कन्नड मुलखातील राजाने संस्कृतात केलेली ही नोंद त्या कसोटीला पूर्ण उतरते. तिच्यावरून कोणत्या गावावर कोणाचा हक्क, हे सिद्ध होत नाही आणि तसा दावा आम्ही करणारही नाही. सिद्ध होते ते एवढेच की, ज्ञानेश्वरांच्या दीडशेहून अधिक वर्षे आधी ओवी हे मराठी बायकांच्या कष्टाचे गाणे म्हणून शेजारच्या दरबारालाही परिचित होते. पुढे तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकरा'त ओवीचे लक्षणच सांगितले: देशभाषेत गायिले जाणारे, प्रासयुक्त असे तीन खंड.

हे तीन खंड ध्यानात ठेवावेत. इ. स. १२९०मध्ये नेवासे येथे ज्ञानेश्वरीची रचना झाली. सुमारे नऊ हजार ओव्यांच्या या ग्रंथात पहिले तीन चरण यमकाने बांधलेले, आणि चौथा आखूड व यमकाविना, अशी साडेतीन चरणांची घडण दिसते. लघुगुरूंचा क्रम नाही, अक्षरसंख्येचा काटेकोर हिशेब नाही. संस्कृत वृत्तात शब्दाला मापात बसावे लागते; ओवीत मापच बोलण्याप्रमाणे सैल वा घट्ट होते. त्यामुळे घरातले, शेतातले, बाजारातले शब्द मोडतोड न होता तिच्यात येऊ शकले. लहानथोरांना समजावे म्हणून आपण ओवीचा बंध स्वीकारला, असे ज्ञानेश्वरांनी ग्रंथाच्या अखेरीस सांगितले आहे. तो निर्णय छंदाचा होता, तसाच तो श्रोत्यांच्या हक्काचाही होता.

आता या घडणीचा ऐकणाऱ्यावर होणारा परिणाम पाहू. पहिल्या चरणाच्या अखेरीस एक ध्वनी कानावर पडतो. दुसऱ्या चरणात तोच ध्वनी परत आला की कान सावध होतो. तिसऱ्याच्या वेळी श्रोता त्याची वाटच पाहत असतो, आणि तो आला की त्याला अपेक्षापूर्तीचे सुख मिळते. चौथ्या चरणात मात्र तो ध्वनी येत नाही आणि चरणही लवकर संपतो. वाचणाऱ्याचा श्वास तेथे थांबतो. ऐकणाऱ्याला क्षणभर उसंत मिळते. उपमेवर उपमा रचून चाललेला विचार त्या उसंतीत मनात मुरतो. एखादी ओवी विसरली तरी तीन यमकांपैकी एक आठवले की उरलेली दोन आपोआप ओढली जातात. पाठांतराची ही सोय छंदातच केलेली आहे. लिहिता-वाचता न येणारी कितीतरी माणसे अध्यायच्या अध्याय मुखोद्गत म्हणत, त्याचे एक कारण येथे आहे.

अभंगाने हीच युक्ती समुदायासाठी वापरली. मोठ्या अभंगात सहा, सहा, सहा आणि चार अशी अक्षरे, तर यमक दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाला. येथेही शेवटचा चरण अपुराच. परंतु अक्षरसंख्या ठरलेली असल्यामुळे टाळ-मृदंगाच्या ठेक्यावर शंभर जणांना एकाच वेळी म्हणता येते. ग्रंथातली ओवी एकाने वाचावी आणि इतरांनी ऐकावी. अभंगात ऐकणारेच गाणारे होतात.

या छंदाचे सामर्थ्य खऱ्या अर्थाने कसाला लागले ते गोमंतकात. इ. स. १५७९मध्ये गोव्यात आलेले इंग्रज जेझुइट पाद्री थॉमस स्टीफन्स यांनी सुमारे अकरा हजार ओव्यांचे 'ख्रिस्तपुराण' रचले. ते १६१६मध्ये रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. नवख्रिस्ती समाजाचा जुन्या पुराणांशी संबंध तोडण्यात आला होता, आणि त्या जागी त्यांना ऐकायला काही हवे होते. परदेशातून आलेल्या या विद्वानाने त्यासाठी लॅटिन वा पोर्तुगीज छंद न घेता यमकांचे तीन चरण आणि आखूड चौथा ही देशी घडणच घेतली. श्रोत्यांचे कान कशाने घडले आहेत, हे त्याने ओळखले होते. कोंकणी शब्दांची त्यात केलेली मिसळही याच जाणिवेतून आली. म्हणून कोंकणी बांधवांनाही हा ग्रंथ आपला वाटतो, आणि ते योग्यच आहे.

पुढे १६८४मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने स्थानिक भाषेच्या वापराविरुद्ध फर्मान काढले. सतराव्या शतकात या पुराणाच्या तीन आवृत्त्या निघाल्या होत्या. त्यांपैकी एकाही आवृत्तीची प्रत आज ज्ञात नाही. तरीही हस्तलिखितांतून आणि सामुदायिक वाचनातून ग्रंथ जगला, आणि १९०७ साली मंगळुरात पुन्हा छापला गेला. छापील प्रती नाहीशा झाल्या तरी ओव्या राहिल्या.

आमच्या सीमाभागाचे चित्र आणखी बोलके आहे. उत्तर कर्नाटकातील कन्नड स्त्रिया जात्यावर त्रिपदी गातात. त्रिपदीची परंपरा फार प्राचीन. बदामी येथील सुमारे इ. स. ७००च्या कप्पे अरभट्टाच्या शिलालेखात ती आढळते. ओवी आणि त्रिपदी यांच्या नात्याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत, आणि त्यांचा निवाडा करण्याचा आमचा अधिकार नाही. मात्र जात्याचा खुंटा धरून भाऊ, माहेर आणि विठ्ठल यांना आळवणाऱ्या दोन शेजारणींच्या गाण्यांत शत्रुत्व शोधूनही सापडत नाही. आपल्या भाषेचा हक्क मागताना शेजारच्या भाषेचा द्वेष करावा लागत नाही, हे त्या दोघींकडून शिकण्याजोगे आहे.

विजेच्या गिरण्या आल्या आणि जाती कोपऱ्यात गेली. गी पॉइटव्हिन आणि हेमा राईरकर यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रातील जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या, हे मोठेच कार्य. सीमेपलीकडील मराठी गावांतल्या आजीबाईंच्या ओव्या मात्र आपल्यालाच टिपून घ्याव्या लागतील. आपली मुले आज अन्य माध्यमांत शिकतात. मराठी कविता त्यांना भेटलीच तर कागदावर, मूकपणे भेटते. ओवीचे तंत्र कानासाठी आहे. ते डोळ्यांनी निम्मेच कळते.

म्हणून वाचकांना आमची दोन निकडीची विनंती आहे. घरात ज्ञानेश्वरी असेल तर रोज पाच ओव्या मुलांसमोर मोठ्याने वाचाव्यात, आणि चौथ्या चरणाशी थांबावे. तसेच घरातील वा शेजारच्या वृद्ध स्त्रियांना जात्यावरच्या जेवढ्या ओव्या आठवत असतील तेवढ्या त्यांच्याच आवाजात भ्रमणध्वनीवर ध्वनिमुद्रित करून ठेवाव्यात. सोबत गाव, वर्ष आणि गाणाऱ्या बाईंचे नाव त्यांच्या संमतीने नोंदवावे. पुरावा वेळेत गोळा केला नाही तर साक्षीदार उरत नाही, हे आम्ही व्यवसायात अनेकदा पाहिले आहे.