टूर्नामेंटची आदली रात्र: पिच कोण बनवतं?

आजचा भाग क्रिकेटचा आहे, पण यात वर्ल्ड कप नाही, आयपीएल नाही. आज बोलायचंय गावच्या टेनिस बॉल टूर्नामेंटच्या आदल्या रात्रीबद्दल. जव्हार-मोखाड्याकडचं कोणी ऐकत असेल तर त्याला चित्र लगेच दिसेल. नाक्यावर बॅनर लागलाय, चषक कुणाच्या तरी घरी कपाटावर ठेवलाय, साउंडवाला "निघालोय" म्हणतोय आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकच प्रश्न फिरतोय: अकरा होतायत का?

मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. रिलीजच्या आदल्या रात्रीही झोप लागत नाही, पण तिथे पोटात भीती असते. गावच्या टूर्नामेंटच्या आदल्या रात्री मजा वाटते. असं का, म्हणून मी थोडा इतिहास चाळला.

आधी जरा लांब जाऊ. अमेरिकेत 'विफल बॉल' नावाचा खेळ आहे. १९५३ साली कनेक्टिकट राज्यातल्या फेअरफिल्डमध्ये डेव्हिड मुलानी नावाच्या माणसाचा बारा वर्षांचा मुलगा घरामागच्या अंगणात प्लास्टिकच्या छोट्या बॉलने बेसबॉल खेळायचा. तो बॉल वळवायच्या नादात पोराचा हात दुखायला लागला. मग बापाने प्लास्टिकचे पोकळ गोळे आणून त्यांना ब्लेडने वेगवेगळी भोकं पाडून बघितली. एका बाजूला आठ लांबट भोकं असलेला बॉल हवेत मस्त वळला! जागा कमी, पोरं कमी, काच फुटायची भीती. त्यावर घरीच काढलेला तोडगा. आज तिकडे याच्या अंगणातल्या वार्षिक टूर्नामेंट होतात.

आपल्याकडे तेच काम टेनिस बॉलने केलं. लेदर बॉल म्हटलं की पॅड, ग्लोव्हज, हेल्मेट आणि नीट विकेट लागते. टेनिस बॉलला एक बॅट आणि एक सपाट तुकडा पुरतो. भात कापून झालं की खाचरं मोकळी होतात. बांध बघून बाउंड्री ठरते, ढेकळं फोडायची, पाणी मारायचं, रोलर फिरवायचा, चुन्याच्या फकीने क्रीज आखायची. हे सगळं कोण करतं? जे उद्या खेळणार आहेत तेच.

आता हे साधं वाटतं. पण आपल्या क्रिकेटच्या इतिहासात हे साधं नव्हतं.

पळवणकर बाळू यांचं नाव ऐकलंय? जन्म १८७६, चांभार समाजातले. पुण्यात आधी पारशांच्या क्लबात महिना तीन रुपयांवर मैदान झाडायचं आणि पिच लोळवायचं काम. मग गोऱ्यांच्या पूना क्लबात चार रुपये. तिथे नेटमध्ये साहेबांना बॉलिंग टाकता टाकता ते जबरदस्त डावखुरे स्पिनर झाले. पुण्याच्या हिंदू क्लबाला त्यांची बॉलिंग हवी होती, म्हणून टीममध्ये घेतलं. मैदानावर एकच बॉल सगळ्यांच्या हातात फिरायचा; चहाच्या वेळी मात्र बाळूंना बाहेर, वेगळ्या मातीच्या कपात चहा. १९११ साली भारताची टीम इंग्लंडला गेली. कॅप्टन होते पतियाळाचे महाराज, वय एकोणीस, मोजकेच सामने खेळले. बाळूंनी त्या दौऱ्यात ११४ विकेट घेतल्या. तरी हिंदूंच्या टीमचं कॅप्टनपद बाळूंना कधीच मिळालं नाही. ते त्यांच्या धाकट्या भावाला, विठ्ठलला, १९२३ साली मिळालं.

म्हणजे पिच बनवणारा आणि खेळणारा, या दोघांमध्ये तेव्हा एक भिंत होती. गावच्या टूर्नामेंटमध्ये ती दिसत नाही. रात्री रोलर ओढणारा सकाळी पहिली ओव्हर टाकतो. माझ्या मते आदल्या रात्रीची मजा तिथेच आहे.

पण सगळं गोड नाहीये. मूळ भांडण तारखेचं असतं. दिवाळीनंतर आमच्याकडची निम्मी घरं वीटभट्टीवर जातात. भिवंडी, वसई, जिथे काम मिळेल तिथे. पावसाळ्यात उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत मालक सहज सोडत नाही. म्हणजे डिसेंबरात टूर्नामेंट ठेवली तर विहिरीला पाणी असतं, पण पोरं नसतात. होळीला ठेवली तर पोरं येतात, कारण होळीला माणूस कसाही करून घरी येतोच. पण तोपर्यंत पाणी आटलेलं असतं. आमचा विकेटकीपर दरवर्षी भट्टीवरूनच येतो. आदल्या रात्री सगळे शेवटच्या एसटीची वाट बघत असतात, ती मुख्यतः त्याच्यासाठी.

आणि पाणी? मोखाड्यात पाऊस धो धो पडतो. याच तालुक्यात कोचाळ्याला मध्य वैतरणा धरण आहे, २०१४ पासून मुंबईला रोज सुमारे ४५ कोटी लिटर पाणी देतं. आणि मार्च-एप्रिलमध्ये त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर टँकर येतात. मग पिच भिजवायला पाणी मागायचं कुणाच्या तोंडाने? एका वर्षी आमच्या मावशीने सरळ सांगितलं, "हंडा मी डोक्यावर आणलाय बाबांनो, तुमच्या पिचवर नाय ओतायची." बरोबरच होतं तिचं. त्या वर्षी पिच कोरडीच लोळवली. बॉल कुठेही उडत होता. फायनल मात्र झाली.

२०२४ मध्ये ठाण्याच्या दादोजी कोंडदेव स्टेडियमवर टेनिस बॉलची मोठी लीग झाली, टीव्हीवर दाखवली. चांगलंच आहे, गावच्या पोरांना दार उघडलं. पण तिथवर पोचायला आधी गावात मॅच व्हायला हवी, आणि मॅचला पोरगा आणि पाणी एकाच वेळी गावात हवं. गावात रोजगार हमीचं काम वेळेवर निघालं, तर भट्टीची उचल घ्यावीच लागणार नाही. पाड्यावरची विहीर मार्चपर्यंत टिकली, तर मावशीही दोन हंडे देईल, मला खात्री आहे.

तुमच्या गावात पिच कोण बनवतं, आणि तारीख कशावरून ठरते? व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात ऐकवू. चला, भेटू!