नारोशंकराची घंटा आणि गोव्याचे कागद

झाशीच्या किल्ल्याच्या एका भागाला शंकरगड म्हणतात. नारोशंकर हा पेशव्यांचा सुभेदार १७४२ मध्ये बुंदेलखंडात आला, त्याने किल्ला वाढवला आणि ओरछ्याहून माणसे आणून खाली शहर वसवले. झाशीत मराठी माणसाचा जम बसला तो या काळात. पुढे नेवाळकर आले, लक्ष्मीबाई आली आणि नारोशंकर मागे पडला.

याच नारोशंकराने १७४७ मध्ये नाशिकला गोदाकाठी रामेश्वराचे देऊळ बांधले. देवळाच्या दर्शनी भिंतीवर टांगलेल्या घंटेवर १७२१ हे साल कोरलेले आहे. गोदेला पूर आला की नाशिककर आजही विचारतात, नारोशंकराच्या घंटेला पाणी लागले का? ही घंटा पोर्तुगीजांची. चिमाजी अप्पांनी वसई जिंकल्यावर ती मराठ्यांकडे आली असे सांगतात. भीमाशंकरला आणि मेणवलीलाही अशा घंटा आहेत.

वसईच्या मोहिमेची मराठी बाजू बखरींतून आणि पेशवे दफ्तरातून कळते. पण तटाच्या आत जे अडकले होते, त्यांनी आपली हकीकत पोर्तुगीजमध्ये लिहिली. ती वाचल्याशिवाय निम्मी वसई कळत नाही. किल्ला पडल्याची तारीखच घ्या. काही पुस्तकांत ५ मे १७३९ सापडते, काहींत १६ मे. चूक कोणाचीच नाही. पोर्तुगालने १५८२ मध्येच नवे पंचांग स्वीकारले होते, मुंबईचे इंग्रज मात्र १७५२ पर्यंत जुनेच चालवत होते. दोहोंत अकरा दिवसांचे अंतर पडते. दोन्हीकडचे कागद समोर ठेवणाऱ्यालाच हा गुंता सुटतो.

ते कागद समोर ठेवणारा माणूस गोव्याने दिला. पांडुरंग पिसुर्लेकर १८९४ मध्ये सत्तरीतल्या पिसुर्ले गावी जन्मले. मराठी आणि राज्याची पोर्तुगीज, या त्यांच्या दोन भाषा. दोन्हींवर त्यांचे सारखेच प्रभुत्व. गोव्यात तेव्हा विद्यापीठ नव्हते, ते १९८५ मध्ये झाले. होते ते अभिलेखागार, आणि तेही साधेसुधे नव्हे. १५९५ मध्ये दियोगु दु कोतु या इतिहासकाराच्या हाती सोपवलेले हे दफ्तर आशियातल्या सर्वांत जुन्या दफ्तरांपैकी एक. पावसाळी वाऱ्यांवर येणाऱ्या-जाणाऱ्या जहाजांतून लिस्बनशी चाललेला पत्रव्यवहार त्यात ‘मोन्सोंइश दु रेनु’ या नावाने बांधलेला आहे. शेजारच्या राजांशी झालेल्या पत्रव्यवहाराच्या वह्या वेगळ्या, ‘रेइश व्हिझिन्युश’ नावाच्या. मराठ्यांच्या इतिहासाला त्यांचे मोल फार मोठे आहे.

पिसुर्लेकरांनी या दफ्तराची धुरा दीर्घकाळ वाहिली. १९२०च्या दशकापासून ते पोर्तुगीज-मराठे संबंधांवर पोर्तुगीजमध्ये लिहू लागले. १९५२ मध्ये त्यांनी पोर्तुगीजांच्या भारतीय वकिलांवर मोठा ग्रंथ काढला. नारायण शेणवी धुमे यांच्यासारखी, पुण्याच्या दरबारात गोव्याचे काम पाहणारी माणसे त्यात भेटतात. मराठी वाचकाला ‘पोर्तुगेज-मराठे संबंध’ मात्र १९६७ मध्ये मिळाले. ते पुणे विद्यापीठाने छापले, आणि दोन वर्षांनी पिसुर्लेकर गेले. इतक्या मोठ्या माणसाचे नाव महाराष्ट्रात अभ्यासकांच्या पलीकडे फारसे पोचले नाही, ही खंत वाटण्यासारखीच गोष्ट आहे.

बंगालचे सुरेंद्रनाथ सेन हे दुसरे नाव. मराठ्यांच्या राज्यकारभारावर काम करणाऱ्या या अभ्यासकाने १९२७ मध्ये शिवाजी महाराजांची परकीयांनी लिहिलेली चरित्रे इंग्रजीत आणली. त्यात कोस्मी द ग्वार्द याचे पोर्तुगीज चरित्रही आहे. ते १६९५ मध्ये लिहिले गेले आणि लिस्बनला १७३० मध्ये छापले गेले.

पुढच्या पिढीत तेओतोनियु द सोझा यांनी पुणे विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवली आणि १९७९ मध्ये मध्ययुगीन गोव्यावरचे त्यांचे पुस्तक आले. व्हाइसरॉयांच्या मागे न लागता त्यांनी गोव्याची गावे, शेती आणि गावकरी पाहिले.

आज या वाटेने जाणाऱ्याला भाषेइतकाच घाम हस्ताक्षरासाठी गाळावा लागतो. लेखनिक शब्द तोडून लिहितात, शाईने कागद खाल्लेला असतो, शिवाजीचा ‘सेव्हाजी’ आणि वसईचे ‘बासाईं’ झालेले असते. मोडी वाचलेल्या माणसाला ही मेहनत ओळखीची वाटेल. झाशीच्या विद्यार्थ्याला भाषेसाठी गोव्यापर्यंत जायचीही गरज नाही. दिल्लीत जवाहरलाल नेहरू विद्यापीठात आणि दिल्ली विद्यापीठात पोर्तुगीज शिकवतात. सुरुवातीला हस्ताक्षराचा अडसरही टाळता येतो. गोव्याच्या राज्यमंडळाच्या बैठकींचे वृत्तांत पिसुर्लेकरांनी १९५३ ते १९५७ दरम्यान पाच खंडांत छापून ठेवले आहेत. ते १६१८ पासून सुरू होतात आणि १७५० पर्यंत येतात. म्हणजे वसईचे युद्ध त्यांत येते, आणि नारोशंकर झाशी वसवत होता तेव्हाचा गोव्याचा कारभारही.