सावलीचे रस्ते

दुतर्फा लावलेल्या मोठ्या झाडांच्या फांद्या वर एकमेकींत मिसळून ज्यांच्यावर मांडव तयार होतो, असे रस्ते. सम्राट अशोकाच्या सातव्या स्तंभलेखात (इ. स. पू. ३ रे शतक) माणसांना व जनावरांना सावली मिळावी म्हणून वाटांवर वड लावल्याचा आणि आमराया केल्याचा उल्लेख आहे.

महाराष्ट्रातील जुन्या रस्त्यांवर वड, चिंच, आंबा, कडुनिंब, जांभूळ व करंज ही झाडे प्रामुख्याने दिसतात. वडाची जाड, उंच फांदी थेट जमिनीत रोवता येते. तिचा शेंडा गुरांच्या तोंडाला लागत नाही. चिंचेची फळे लिलावात जातात, म्हणजे झाड सावलीही देते आणि पैसाही. बुंध्यावरचे चुन्या-गेरूचे पट्टे व क्रमांक ही सरकारी नोंदीची खूण. रात्री गाडीच्या उजेडात तेच पट्टे वळण दाखवतात.

गावाबाहेरच्या अशा वडाखाली एसटीचा थांबा असतो, शेजारी चहाची टपरी, पंक्चरवाला आणि उन्हाळ्यात रसवंती. झाड तोडून तिथे पत्र्याची शेड उभारली, की भर दुपारी तिच्याखाली कोणी टिकत नाही. शहरांत दक्षिण अमेरिकेतून आलेला विलायती शिरीष आणि मादागास्करचा गुलमोहर अधिक. मुंबईत दादर पारशी कॉलनीच्या आखणीत झाडांचाही विचार झाला होता. तेथील फिर्दौसी रस्ता महोगनीसाठी ओळखला जातो.

चौपदरीकरणात सर्वांत आधी कुऱ्हाड पडते ती या झाडांवर. नव्या दुभाजकात कण्हेर व बोगनवेल लावतात. त्यांना पाणी कमी लागते, कण्हेरीला गुरे तोंड लावत नाहीत. मात्र पायी चालणाऱ्याला त्यांचा उपयोग शून्य. कागदावर झाडांची भरपाई होते, सावलीची होत नाही. रत्नागिरी–नागपूर महामार्गावरील भोसे (ता. मिरज, जि. सांगली) येथील सुमारे ४०० वर्षांचा मानला जाणारा वड २०२० मध्ये लोकांच्या विरोधामुळे तोडीतून वाचला आणि महामार्गाची आखणी बदलावी लागली. असे उदाहरण विरळाच.

महाराष्ट्राच्या १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती होऊन ५० वर्षे व त्यावरील झाडांना ‘प्राचीन वृक्ष’ म्हणून संरक्षण मिळाले. हा कायदा मुळात नागरी क्षेत्रांपुरता आहे. सर्वांत जुने वड मात्र बहुतेक ग्रामीण रस्त्यांवर आहेत.