गर्भारपणातल्या ‘विषा’चा शोध

अमरावतीच्या जिल्हा स्त्री रुग्णालयाला लोक आजही ‘डफरीन’ म्हणतात आणि अकोल्याच्या रुग्णालयाला ‘लेडी हार्डिंग’. दोन्ही नावे व्हाइसरॉयांच्या पत्नींची. हिंदुस्थानातील स्त्रियांना स्त्री-डॉक्टरांकडून उपचार मिळावेत म्हणून लेडी डफरीन यांनी १८८५ साली निधी उभारला. त्या काळी बाळंतपणातील एका दुखण्यापुढे डॉक्टर हतबल असत. दिवस भरत आलेल्या बाईला एकाएकी झटके येत आणि पुष्कळदा ती दगावे. विजेसारखे अवचित येणारे म्हणून या दुखण्याला ग्रीक शब्दावरून ‘एक्लॅम्पसिया’ हे नाव पडले होते.

झटके खरोखरच अवचित येतात का? १८४३ साली लंडनच्या गाइज रुग्णालयात जॉन लीव्हर यांनी अशा स्त्रियांची लघवी तापवून पाहिली. अंड्याचा पांढरा भाग उष्णतेने गोठतो, तसे तिच्यात काहीतरी गोठले. ते अल्ब्युमिन हे प्रथिन होते. पुढे १८९६ साली इटलीत रिव्हा-रोची यांनी दंडाला बांधायचा पट्टा तयार केला आणि १९०५ साली रशियात कोरोत्कॉव्ह यांनी स्टेथोस्कोपने रक्तदाब ऐकण्याची रीत सांगितली. झटक्यांच्या आधी रक्तदाब चढतो, हे मग कळले. या आधीच्या अवस्थेला ‘प्रीएक्लॅम्पसिया’ म्हणतात.

खुणा सापडल्या, पण कारण सापडेना. वार पडल्यावर दुखणे ओसरते, म्हणजे वारेतूनच काही विष रक्तात उतरत असावे, असा तर्क झाला. त्यावरून ‘टॉक्सिमिया’, म्हणजे रक्तातील विषबाधा, हे नाव रूढ झाले. पण असे विष काही हाती लागले नाही, आणि अखेर ते नाव मागे पडले.

२००३ साली बोस्टनमध्ये शेरॉन मेनार्ड, अनंत करुमांची व त्यांच्या सहकाऱ्यांना या कोड्याचा एक मोठा धागा मिळाला. रक्तवाहिन्या निकोप ठेवणारे ‘पीएलजीएफ’ हे प्रथिन वारेत तयार होते. वार नीट रुजली नाही, तर तिच्यातून ‘एसएफएलटी-१’ नावाचे दुसरे प्रथिन फार प्रमाणात रक्तात येते आणि पहिल्याला धरून ठेवते. मग वाहिन्यांचे अस्तर बिघडते. वाहिन्या आवळल्या की रक्तदाब चढतो आणि मूत्रपिंडाची गाळणी सैल झाली की अल्ब्युमिन झिरपते. उंदरांमध्ये हे प्रथिन वाढवल्यावर दोन्ही खुणा दिसल्या. म्हणजे जुना तर्क अर्धा खरा होता. पदार्थ वारेतूनच येत होता, पण तो परका नव्हता. शरीरातल्याच दोन प्रथिनांचा तोल गेला होता.

हा तोल लक्षणांच्या सुमारे पाच आठवडे आधीपासून ढळू लागतो, असे २००४ साली दिसले. त्यातून दोन्ही प्रथिनांचे गुणोत्तर मोजणारी रक्तचाचणी आली. ज्यांच्याबद्दल आधीच शंका होती, अशा गर्भवतींवरचा मोठा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. गुणोत्तर ३८ किंवा त्याहून कमी असेल, तर पुढचा आठवडाभर आजार होणार नाही, हे भाकीत शंभरात ९९ वेळा खरे ठरले. उलट गुणोत्तर त्याहून जास्त असलेल्यांपैकी चार आठवड्यांत आजार झाला तो शंभरात सुमारे ३७ जणींना. चाचणीच्या ‘नाही’ला आणि ‘हो’ला सारखे वजन नसते, हे वर्गात समजावून सांगायला याहून चांगले उदाहरण आम्हांला सुचत नाही.

मग मेळघाटातल्या, धारणी-चिखलदऱ्याकडच्या गर्भवतीसाठी काय? या चाचणीला यंत्र आणि प्रयोगशाळा लागते. रक्तदाबाचा पट्टा आणि लघवीची पट्टी मात्र उपकेंद्रातही वापरता येते. माता-बाल संरक्षण कार्डावर या दोन्हींच्या नोंदीसाठी जागा असते. रक्तदाब फार चढल्याचे वेळेत कळले, तर साध्या गोळ्यांचाही उपयोग होतो. नागपूरच्या दोन सरकारी रुग्णालयांत ८९४ स्त्रियांवर झालेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात निफेडिपिन, लॅबेटॅलॉल व मिथिलडोपा या तिन्ही गोळ्या तपासल्या गेल्या. प्रत्येक गटात चारांपैकी तीन किंवा त्याहून अधिक स्त्रियांचा रक्तदाब सहा तासांत आटोक्यात आला.

नवी चाचणी जुन्या खुणांचा अर्थ सांगते, पण त्या तपासण्याचे काम तिने संपवलेले नाही. कार्डावरचे ते दोन रकाने कोरे राहिले, तर रक्तातली प्रथिने मोजण्याची वेळच येणार नाही.