रोजगार हमी : दुष्काळाची घोषणा मजुराच्या अर्जावर

१/
महाराष्ट्रातील असंख्य नोकरदारांच्या पगारातून दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये 'व्यवसाय कर' म्हणून कापले जातात. या कराचा कायदा १९७५ सालचा. शहरातील पगारातून खेड्यातील मजुरी उभी करणे, हा त्यामागील मूळ हेतू होता. हा धागा त्या हेतूच्या इतिहासाविषयी.

२/
१८८० च्या दुष्काळ आयोगानंतर ब्रिटिश राजवटीत दुष्काळ संहिता तयार झाल्या. संकटकाळी खडी फोडणे, तलाव खोदणे, रस्ते बांधणे अशी कामे काढून मजुरी द्यावी, अशी ती रीत होती. मात्र त्यासाठी सरकारने आधी दुष्काळ मान्य करावा लागे.

३/
स्वातंत्र्यानंतरही ही चौकट बरीचशी टिकली. पिकाची आणेवारी ठरे, टंचाई जाहीर होई आणि मग कामे निघत. आणेवारी बरी लागलेल्या गावातील भूमिहीनाच्या घरी चूल पेटली नाही, तरी सरकारदप्तरी तेथे संकट नसे. मदत ही राज्यकर्त्याची मर्जी होती; मजुराचा तीवर दावा नव्हता.

४/
या विचाराला छेद दिला वि. स. पागे यांनी. १९६० ते १९७८ या काळात ते विधान परिषदेचे सभापती होते. काम मागणाऱ्या प्रत्येक प्रौढास सरकारने काम द्यावे, अशी त्यांची मांडणी होती. १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात तिचा प्रयोग झाला. १९७२ मध्ये वसंतराव नाईक यांच्या सरकारने ही योजना राज्यभर स्वीकारली.

५/
त्याच सुमारास महादुष्काळ कोसळला. दुष्काळी कामांचाच पसारा इतका वाढला की, नवी योजना मागे पडली. मे १९७३ मध्ये सुमारे ५० लाख माणसे या कामांवर होती. मिलो ज्वारी आणि सुकडी हे शब्द त्या पिढीच्या स्मरणात कायमचे राहिले. इतक्या मोठ्या संख्येला काम देणे प्रशासनास शक्य आहे, हेही त्या वर्षाने सिद्ध केले.

६/
पुढचा प्रश्न पैशाचा होता. व्यवसाय करासह काही करांचे उत्पन्न स्वतंत्र रोजगार हमी निधीत जमा करावे आणि राज्याने तेवढीच भर आपल्या तिजोरीतून घालावी, असे ठरले. १९७७ चा रोजगार हमी अधिनियम विधिमंडळाने एकमताने संमत केला. २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला.

७/
खरी कसोटी समन्वयाची होती. रस्ते बांधकाम विभागाचे, बंधारे पाटबंधारे विभागाचे, बांधबंदिस्ती कृषी विभागाची, रोपवन वन विभागाचे. मजुरास मात्र काम हवे होते. ते कोणत्या विभागाचे, याच्याशी त्याला कर्तव्य नव्हते. म्हणून जिल्ह्याची सूत्रे जिल्हाधिकाऱ्याकडे, तालुक्याची तहसीलदाराकडे आणि तांत्रिक अंमलबजावणी त्या त्या विभागाकडे, अशी रचना झाली.

८/
मागणी येण्याआधीच मंजूर कामांचा साठा तयार ठेवायचा, हा या रचनेचा कणा होता. अर्ज आल्यापासून १५ दिवसांत काम मिळाले नाही, तर बेकारी भत्ता देय होता. म्हणजेच आता संकटाची घोषणा मजुराचा अर्ज करणार होता.

९/
सर्वसमावेशकता नियमांतच गुंफलेली होती. जातीची वा उत्पन्नाची अट नव्हती. अंगमेहनतीची तयारी हीच पात्रता. स्त्री-पुरुषांना समान दर, कामावर पिण्याचे पाणी, सावली आणि लहान मुलांच्या सांभाळाची सोय. या कामांवर स्त्रियांची संख्या लक्षणीय राहिली. काम मागण्यासाठी एकत्र आलेल्या मजुरांतून संघटनाही उभ्या राहिल्या.

१०/
तथापि हमीची कच्ची बाजूही याच रचनेत होती. अर्जाची पोच नसेल, तर १५ दिवस मोजायचे कोठून? बेकारी भत्ता आरंभी दिवसाला अवघा एक रुपया होता आणि तोही क्वचितच हाती पडे. खोटी हजेरीपत्रके आणि लांबलेली मजुरी यांच्या तक्रारी सतत होत राहिल्या.

११/
१९८८ मध्ये मजुरीचे दर सुमारे दुप्पट झाले आणि त्यानंतर प्रत्यक्ष रोजगार घटला. कामेच कमी काढून हमी आवळली गेली का, यावर अर्थतज्ज्ञांनी पुढे बराच वाद घातला. कायद्यातील शब्द तेच राहिले, तरी कामे किती काढायची हे प्रशासनाच्या हाती होते.

१२/
२००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्याने महाराष्ट्राचा हा अनुभव देशापुढे नेला. त्या कायद्यातील केंद्राची हमी कुटुंबामागे वर्षाला १०० दिवसांची होती. महाराष्ट्राच्या मूळ कायद्यात दिवसांची अशी मर्यादा नव्हती.

१३/
पागे यांच्या कल्पनेचे यश केवळ बंधाऱ्यांत आणि रस्त्यांत मोजता येत नाही. उपाशी माणूस सरकारदारी याचक म्हणून जातो की हक्कदार म्हणून, हा तिच्या केंद्रस्थानचा प्रश्न होता. त्याचे उत्तर विधिमंडळाने कायद्यात लिहिले. गावात ते खरे ठरले की नाही, हे मात्र मजुराच्या हाती पडणाऱ्या तारीखवार पोचपावतीवर अवलंबून राहिले.