सबकुछ ‘सब’

हिंगोलीत अस्खलित इंग्रजी बोलणारा माणूस शोधावा लागेल; लॅटिन मात्र पावलोपावली भेटते. पोलीस ठाण्यात सबइन्स्पेक्टर, टपालात सबपोस्टमास्तर आणि आमच्या बँकेत सबस्टाफ! हा ‘सब’ मूळचा रोमन. अर्थ, ‘खाली’.

स्वभावानेही तो अस्सल हाताखालचा माणूस. समोरच्या अक्षराचा रंग पाहून स्वतःचे शेवटचे अक्षर बदलतो. पुढे ‘प’ आला की ‘सपोर्ट’, ‘फ’ आला की ‘सफर’. ही सफर म्हणजे सहल नव्हे, सोसणे. मुळात खालून ओझे वाहणे. नोकरदारांना हे व्युत्पत्तीवाचूनही कळते.

मराठीत या एका ‘सब’च्या कामावर तिघे आहेत. सबइन्स्पेक्टर झाला ‘उप’निरीक्षक, सबरजिस्ट्रार झाला ‘दुय्यम’ निबंधक आणि तहसीलदाराच्या हाताखाली बसला ‘नायब’. संस्कृत, फारसी, अरबी! त्यातल्या नायबाचे अरबी अनेकवचन म्हणजे आपला ‘नवाब’. एकटा असला तर हाताखालचा, चार जमले की नवाब. आमच्या युनियनला हे तत्त्व केव्हाच कळले होते.

पण खरी गंमत पुढेच आहे. भाषाशास्त्रज्ञ म्हणतात, लॅटिन ‘सब’ आणि संस्कृत ‘उप’ हे एकाच मूळ शब्दाचे वंशज. म्हणजे चुलतभाऊच. ‘सबसिडी’तला ‘सिड’ म्हणजे बसणे, ‘उपनिषदा’तला ‘सद्’ म्हणजेही बसणे. आता बोला! गुरूजवळ बसून मिळते ते उपनिषद. आणि रोमन सैन्यात पुढची फळी खचेपर्यंत मागे बसून राहणारी राखीव कुमक, ती ‘सबसिडियम’.

१७९८ साली हाच शब्द निजामाच्या गळ्यात पडला, सबसिडियरी अलायन्स म्हणून. मराठीत तैनाती फौज. फौज इंग्रजांची, खर्च निजामाचा. पुढे हिंगोलीला हैदराबाद कंटिंजंटची निराळी छावणी पडली. ती गेली, तरी पलटण, रिसाला, तोफखाना ही नावे गावाने ठेवून घेतली.

आता सबसिडी बँकेत येते. सेनगावकडचा शेतकरी सकाळच्या एसटीने येऊन विचारतो, “साहेब, सबशिडी पडली का?”

“बसा काका, बघतो.”

काका बसतात. दुपार होते. फाईल तालुक्याला असते, तालुका म्हणतो जिल्ह्याला आहे. रोमात मदत बसून राहायची आणि वेळ आली की धावून जायची. इथे मदत मागणाराच बसून राहतो, आणि शेवटची एसटी चुकू नये म्हणून धावतो.

मध्येच आमचा सबस्टाफ उठतो आणि काकांना गार पाण्याचा तांब्या आणून देतो. मूळ लॅटिन अर्थाची सबसिडी तेवढीच वेळेवर मिळते.