पाकटाचे शेजारी

सप्टेंबर 2013 मध्ये दीड दिवसाच्या गणपतींचे विसर्जन सुरू असताना गिरगाव चौपाटीवर कित्येक भाविकांच्या पायांत विषारी काटे घुसले. गुडघाभर पाण्यात वाळूखाली पाकट मासे पडून होते आणि त्यांच्यावर पाय पडत होते. काट्याची जखम सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून धरली की वेदना कमी होतात. हा उपाय त्या वर्षानंतर मुंबईकरांच्या कानांवर वारंवार पडू लागला. पाकट कुणावर धावून गेला नव्हता. तळाची वाळू ही त्याची जागा आहे आणि त्या जागेवर दुसरे कुणी आले तर तो शेपटी उगारतो. मत्स्यालयात पाकटासोबत कोण राहू शकेल, या प्रश्नाची सुरुवात इथूनच होते.

काचेच्या टाकीत जीवांची मोट बांधायचा विचार फार जुना नाही. 1850 मध्ये लंडनचे रसायनतज्ज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी एका भांड्यात गोल्डफिश आणि पाणवनस्पती एकत्र ठेवल्या. पाने कुजून पाणी बिघडू लागले, तेव्हा त्यांनी ती कुजकी पाने खाणाऱ्या गोगलगायी सोडल्या. टाकीतला सोबती शोभेसाठी नाही, तर त्याच्या कामावरून निवडण्याचे हे पहिल्या काही उदाहरणांपैकी एक. 1853 मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सार्वजनिक मत्स्यगृह उघडले. पुढे 1871 मध्ये क्रिस्टल पॅलेसच्या मत्स्यालयात विल्यम अल्फर्ड लॉइड यांनी टाक्यांखाली अंधारा, मोठा हौद बांधला आणि त्यातले समुद्राचे पाणी सतत फिरते ठेवले. पाणी अंधारात राहिले की शेवाळ वाढत नाही, आणि साठा मोठा असला की घाण विरळ होते. आजच्या पाकटाच्या टाकीलाही हे दोन्ही नियम लागू आहेत.

भारतात ही कला 1909 मध्ये मद्रासच्या मरीना किनाऱ्यावर पोहोचली. ते मत्स्यालय दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बंद पडले. मुंबईत मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय उभे राहिले ते स्वातंत्र्यानंतर, 1951 मध्ये. बांधकामाला सुमारे 8 लाख रुपये लागले, त्यांतले 2 लाख तारापोरवाला कुटुंबाने दिले आणि उद्घाटन राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांनी केले. गिरगाव चौपाटी तिथून चालत जाण्याइतकी जवळ. चौपाटीच्या वाळूत लपणारा पाकट इथे काचेआड दिसे. शार्क, समुद्री कासवे आणि मोरे जातीचे मासेही इथे पाहायला मिळत. राज्यभरातल्या शाळांच्या सहली या इमारतीत आल्या. समुद्र कधीही न पाहिलेल्या मुलांनी पाकट पहिल्यांदा पाहिला तो इथेच. 2015 मध्ये नूतनीकरण होऊन ॲक्रिलिकचा बोगदा आला, आणि 2020 मध्ये कोविडच्या साथीने दारे बंद केली.

पाहणाऱ्याचे लक्ष माशांवर असते. टाकी सांभाळणाऱ्याचे लक्ष मात्र आधी तळावर जाते. पाकटाचे तोंड आणि कल्ल्यांच्या फटी पोटाच्या बाजूला असतात, डोळे पाठीवर. वाळूत गाडून घेतला की तो डोळ्यांमागच्या छिद्रांतून पाणी आत घेतो. खाली टोकदार खडी असेल तर पोट सोलवटते, म्हणून वाळू बारीक लागते आणि खडकांचे ढीग अगदी कमी. टाकीच्या उंचीपेक्षा तिची रुंदी महत्त्वाची. हा तळ पाकटासाठी मोकळा ठेवायचा, म्हणजे सोबती मधल्या आणि वरच्या पाण्यातले निवडायचे.

पण वरच्या पाण्यातला प्रत्येक मासा चालत नाही. ट्रिगरफिश आणि केंड यांचे दात कवच फोडण्यासाठी घडलेले. ते पाकटाचे डोळे आणि चकतीसारख्या अंगाची कड कुरतडतात. मोठे एंजलफिशही टोचा मारतात. कोळंबी, खेकडे आणि लहान मासे पाकटाचे भक्ष्य होतात, त्यामुळे त्यांना सोबती म्हणण्यात अर्थ नाही. समुद्रफुले त्याला डंख करतात. आणि कानमुशी तर निसर्गातच पाकटांची शिकार करते. डोक्याच्या रुंद पात्याने ती पाकटाला तळाशी दाबून धरते, असे सागरी जीवशास्त्रज्ञांनी पाहिले आहे.

भांडण नसले तरी उपासमार होऊ शकते, आणि ती लवकर लक्षात येत नाही. पाकट अन्न डोळ्यांनी पाहून उचलत नाही. वास आणि भक्ष्याच्या शरीरातून निघणारी सूक्ष्म वीज यांवरून तो ते हुडकतो. वरून टाकलेला तुकडा तळाला पोहोचेपर्यंत चपळ मासे तो पळवतात. हळूहळू पाकटाच्या पाठीवर कण्याजवळची कूर्चा उठून दिसू लागते. अनुभवी माणूस म्हणूनच लांब चिमट्याने अन्न थेट त्याच्या तोंडाखाली नेऊन ठेवतो. निळ्या ठिपक्यांचा रिबनटेल पाकट दिसायला इतका देखणा की जगभर हौशी लोक तो विकत घेतात. पण बंदिस्त पाण्यात तो पुष्कळदा खातच नाही आणि मरतो. त्याच्यासाठी योग्य शेजारी शोधण्यापेक्षा त्याला समुद्रातच राहू देणे बरे.

शेजाऱ्याचे औषधही पाकटाला घातक ठरते. माशांच्या अंगावरच्या परजीवींसाठी तांबे असलेली औषधे वापरतात. सोलापूर जिल्ह्यातले डाळिंबवाले ज्या मोरचुदाचे बोर्डो मिश्रण करतात, त्यातलेच तांबे पाकट आणि मुशींना, म्हणजे शार्कना, सोसत नाही. म्हणून आजारी मासा वेगळ्या टाकीत न्यावा लागतो, आणि नवा मासा आधी वेगळा ठेवून मगच आत सोडावा लागतो.

मुशीच्या लहान, तळाशी शांत पडून राहणाऱ्या जाती पाकटासोबत ठेवायची पद्धत जुनी आहे. 2024 मध्ये अमेरिकेतल्या हेंडरसनव्हिल गावच्या छोट्या मत्स्यालयातली शार्लट नावाची मादी पाकट जगभर गाजली ती यामुळेच. टाकीत नर पाकट नव्हता, दोन नर बांबू शार्क होते, आणि ती गाभण असल्याचे जाहीर झाले. शार्कपासून गर्भ राहिल्याची आवई उठली. तसे होणे शक्य नाही, हे शास्त्रज्ञांनी लगेच सांगितले. पुढे तिला प्रजनन अवयवांचा आजार असल्याचे कळले आणि त्या उन्हाळ्यात ती मेली. याआधी 2015 मध्ये शिकागोजवळच्या ब्रुकफील्ड प्राणिसंग्रहालयात हात लावून पाहण्याच्या तलावातले 54 पाकट एकाच दिवसात गेले. तिथे शत्रू कुणी नव्हता, पाण्यातला प्राणवायू कमी झाला होता. पाकटाच्या टाकीत नग मोजताना श्वासाचा हिशोब शेवटी ठेवला, तर शेजारी कितीही गुणी असून उपयोग होत नाही.

सोलापूर जिल्ह्यातल्या केमला समुद्र कित्येक तास लांब आहे. मुंबई–सोलापूर रेल्वेमार्गावरचे हे स्टेशन, करमाळा तालुक्यातले, कुंकवासाठी ओळखले जाणारे गाव. तरीही कुणाला कुणासोबत पाण्यात सोडायचे, हे या भागातल्या मत्स्यशेतकऱ्याला शिकवावे लागत नाही. 1971 पासून देशात संमिश्र मत्स्यपालनाचा अखिल भारतीय प्रकल्प चालला, आणि त्याचा पाया थरांवर होता. कटला पृष्ठभागावर चरतो, रोहू मधल्या पाण्यात, मृगळ तळाशी. 1959 मध्ये देशात आणलेल्या चंदेऱ्याला आणि गवत्याला आपापली जागा मिळाली: चंदेरा वरचे सूक्ष्म शेवाळ गाळून खातो, गवत्या पाणवनस्पती. सायप्रिनस मात्र मृगळाच्याच तळावर उतरतो, म्हणून दोघांचे प्रमाण बेताने ठरवावे लागते. शेततळ्यातला हा हिशोब आणि पाकटाच्या टाकीतला हिशोब एकच आहे. मत्स्यालयांवर लिहिणाऱ्यांनी तो बाहेरच्या पुस्तकांत शोधण्याआधी आपल्या तळ्यांत पाहायला हवा होता.

हा हिशोब न करता पाण्यात मासा पडला की काय होते, तेही करमाळ्याच्या वेशीवरच दिसते. भीमेवरचे उजनी धरण 1980 मध्ये पूर्ण झाले आणि त्याचे पाणी करमाळा, इंदापूर, दौंडपर्यंत पसरले. नदीत वांब होती, मरळ होती, शिंगटा होता. चिलापी देशात आली होती 1952 मध्ये, स्वस्त प्रथिनांच्या आशेने. ही मासळी काही महिन्यांतच वयात येते. मादी अंडी तोंडात सांभाळते, नर तळाशी खळगे करून ती जागा राखतो. उजनीतल्या मासेमारीत आज चिलापीचा वाटा मोठा आहे, आणि जुनी मासळी जाळ्यात क्वचित येते असे काठावरचे मच्छीमार सांगतात. आफ्रिकन मांगूरच्या पालनावर 2000 पासून देशात बंदी आहे, तरीही उजनीच्या काठावरचे बेकायदा तलाव प्रशासनाला उद्ध्वस्त करावे लागले.

मत्स्यालयातला त्रासदायक ट्रिगरफिश जाळीने बाहेर काढता येतो. एवढ्या पसरलेल्या जलाशयातून चिलापी वेचून काढायला तसा मार्ग नाही, म्हणून इथे दुसऱ्या बाजूने प्रयत्न होतात. कटला, रोहू आणि मृगळाचे मत्स्यबीज जलाशयात सोडले जाते. ते अगदी लहान असेल तर मोठ्या माशांच्या तोंडी जाते, म्हणून बोटाएवढी वाढलेली बोटुकली सोडणे फायद्याचे. आणि ती वाढण्याआधीच वडाप नावाच्या बारीक जाळ्यांनी उपसली जाऊ नये, यासाठी काठावरच्या मच्छीमारांची तक्रार आणि मागणी अजून चालू आहे.